लांजेवार साहेबांच्या नावचा ई-मेल

प्रीतम रामटेके "होईल" म्हणाले आणि तिथंच फसले.

एरवी हा माणूस "बघतो", "विचारून सांगतो", "कागद पुढं पाठवतो" याच्या पलीकडे कधी गेला नव्हता. एकाच कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात सत्तावीस वर्षं काढली की एवढं शहाणपण आपोआप येतं. पण त्या दिवशी मीटिंगला चौदा माणसं होती, समोसे आलेले होते, आणि नव्या मालकीणबाई रितिका मॅडम यांनी प्रश्नच असा विचारला की गप्प बसवेना.

"रामटेके जी, आपली ती जुनी मशीन आहे ना, ती ई-मेल पाठवू शकते का? अटॅचमेंट के साथ? अपने आप?"

चौदाही माणसं हसली. रामटेक्यांना स्वतःवर हसलेलं चालत असे, त्याची सवय होती. मशीनवर हसलेलं चालत नसे. ते उभे राहिले आणि म्हणाले, "होईल."

"एका महिन्यात?"

"होईल."

दुसऱ्या वेळी तरी जीभ आवरायला हवी होती. पण माणसाचं एकदा सुटलं की सुटलं.

आता ही कंपनी कसली, ते सांगायला हवं. गांधीबागेत खाली सगळी साड्यांची ठोक दुकानं आणि वर दुसऱ्या मजल्यावर फवारणी पंपांच्या कंपनीचं ऑफिस. पंप विकत घ्यायला आलेला माणूस हमखास साडीच्या दुकानात शिरतो आणि बायकोसाठी काहीतरी घेऊनच वर येतो. कंपनीचे विदर्भभर चारशे बारा डीलर. दर महिन्याला त्यांना नवं भावपत्रक जायचं, ते मशीनमधून छापून, घडी घालून, पाकिटात भरून, पोस्टानं. ते पोहोचेपर्यंत भाव बदललेले असायचे. त्याची कुणी तक्रार केली नव्हती, कारण सगळ्यांनाच ते चुकीचे मिळत.

आणि मशीन म्हणजे फ्रिजएवढी काळी पेटी. ना घरगुती कॉम्प्युटर, ना बँकेतला अवाढव्य. मधल्या मापाची, व्यापारी कामाची. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. माऊस नाही, चित्रं नाहीत, लाडीगोडी नाही. सत्तावीस वर्षांत ती एकदाही बंद पडली नव्हती, आणि हे रामटेके ज्या आवाजात सांगत, त्या आवाजात लोक आपल्या वडिलांबद्दल बोलतात.

मॅडमची अट साधी होती. महिनाअखेरीपर्यंत भावपत्रक मशीनमधून थेट, पीडीएफ होऊन, ई-मेलला जोडून डीलरांना गेलं तर मशीन राहील. नाही गेलं तर एक तारखेला भंगारवाला येईल, आणि रामटेके रिटायरमेंटला उरलेले आठ महिने बुटीबोरीच्या गोदामात नोझल मोजतील. नोझल मोजण्यात वाईट काही नाही. पण सत्तावीस वर्षं ज्याला सगळं ऑफिस "सिस्टिमवाले साहेब" म्हणतं, त्यानं शेवटचे आठ महिने पत्र्याच्या शेडमध्ये बसून पितळी नोझल मोजायचे, हे रामटेक्यांच्या घशाखाली उतरेना. त्या रात्री ते जेवले नाहीत. बायको दीप्ती म्हणाली, "समोसे खाल्ले असतील ऑफिसात." एवढं सांत्वन त्यांना पुरेसं नव्हतं.

सकाळी शेजारचे गोविंदा भाऊ आले. वीज खात्यातून रिटायर झाल्यापासून ते सल्ला देण्याचं काम पूर्णवेळ करतात.

"काहून तोंड उतरलं गा रामटेके भाऊ?"

रामटेक्यांनी सांगितलं.

"हात्तिच्या! मोबाईलवरून पाठव नं. माहा नातू दिवसाले पन्नास पाठवते."

"मोबाईलवरून नाही पाठवायचं, मशीनमधून पाठवायचं आहे."

"मंग मशीनचा फोटो काढ अन् मोबाईलवरून पाठव."

रामटेक्यांनी डबा उचलला आणि ऑफिसला निघाले. काही सल्ले असे असतात की त्यांना उत्तर दिलं तर आपलंच आयुष्य कमी होतं.

कामाला त्यांनी मात्र जीव लावून सुरुवात केली. पुस्तिका काढल्या, चष्मा बदलला. आठवड्याभरात पहिला ई-मेल गेला. प्रयोगासाठी त्यांनी भिवापूरचा डीलर निवडला होता, जितेंद्र कुंभलकर. माणूस मोकळा, तोंडाचा फटकळ. ई-मेलात लिहिलं होतं, "सोबत भावपत्रक जोडले आहे." जितेंद्रचा फोन आला, "साहेब, सोबत काहीच नाही जी. नुसतं सोबत आहे."

दुसऱ्या वेळी जोडपत्र गेलं, पण पत्र गेलं नाही. तिसऱ्या वेळी दोन्ही गेलं, पण भावपत्रकात आकड्यांच्या जागी चौकोन. जितेंद्र म्हणाला, "साहेब, ही रांगोळी आहे का?" रामटेक्यांनी फोन ठेवला आणि पाच मिनिटं खिडकीतून खाली साड्यांची गाठोडी उतरवणारे हमाल पाहत उभे राहिले. हमालांचं बरं असतं. उचललेलं गाठोडं जिथं ठेवायचं तिथंच पोहोचतं.

त्यात आवक-जावकच्या कामिनीताई. ऑफिसातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाला जावक क्रमांक पडलाच पाहिजे, हा त्यांचा तेवीस वर्षांचा धर्म. ई-मेल बाहेर जातो हे कळल्यावर त्या रजिस्टर घेऊन मशीनच्या खोलीत आल्या.

"रामटेके साहेब, नंबर टाकल्याशिवाय कसं पाठवून राहिले तुम्ही?"

"ताई, हा कागद नाही."

"मंग बाहेर काय जाते? हवा?"

बाईंचं म्हणणं चूक म्हणता येईना. शेवटी ठरलं असं, की प्रत्येक ई-मेल आधी छापायचा, त्यावर जावक क्रमांकाचा शिक्का मारायचा, मगच पाठवायचा. फसलेल्या प्रयोगांनाही क्रमांक पडले. रजिस्टरात नोंदी आहेत: "भावपत्रक (रिकामे)", "भावपत्रक (पत्राविना)", "भावपत्रक (चौकोन)". पुढच्या पिढ्यांना कळेल की इथं कुणी काहीतरी धडपड केली होती.

दसऱ्याच्या आधी, सातव्या प्रयोगाला, जितेंद्रचा निरोप आला, "उघडलं. दिसून राहिलं. अभिनंदन." रामटेक्यांनी तो निरोप दीप्तीला तीनदा वाचून दाखवला. आता फक्त चारशे बारा पत्त्यांची यादी लावायची होती. मग ते निर्धास्तपणे दोन दिवसांच्या रजेवर गेले. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखोंनी माणूस येतो, आणि त्यांच्या विहाराच्या भोजनदानाच्या स्टॉलवर भाताचं पातेलं वीस वर्षं त्यांच्याकडेच आहे. तिथं ते मशीनही विसरले. इतके खुशीत होते की लहान पोरांना दुप्पट भात वाढत होते.

आणि इकडे ऑफिसात खंडेनवमीची पूजा झाली.

दरवर्षी होते. पंपांना, टाईपरायटरला, मशीनला हळदकुंकू, झेंडूची माळ. यंदा कामिनीताईंना वाटलं, आपल्या रामटेके साहेबांनी एवढं केलं, तर मशीन जरा स्वच्छ पुसून घ्यावं. त्यांनी ओल्या फडक्यानं कीबोर्ड पुसला. चांगला घासून पुसला. वरच्या रांगेत नऊ आणि शून्य शेजारी असतात, आणि एंटर कडेला. नव्वद आणि एंटर दाबलं की ते मशीन चालू माणसाला बाहेर काढतं. लाखात एकदा होणारी गोष्ट त्या दिवशी झाली. पडदा पुसला गेला आणि वर अक्षरं उमटली: नाव सांगा, पासवर्ड सांगा.

कामिनीताईंनी त्यालाही कुंकू लावलं.

इथं एक गोष्ट सांगणं भाग आहे, जी रामटेक्यांनी पाच वर्षं कुणाला सांगितली नव्हती. त्या टर्मिनलवर चालू असलेलं नाव रामटेक्यांचं नव्हतंच. ते होतं महादेवराव लांजेवार यांचं. लांजेवार साहेब विभागप्रमुख. हे मशीन आणलं त्यांनी, रामटेक्यांना घडवलं त्यांनी. मशीनच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्या नावावर. कोण आत येणार, कुणाच्या नावानं ई-मेल बाहेर जाणार, सगळं त्या एका नावाच्या हातात. ते रिटायर झाले एकतीस मार्च दोन हजार वीसला. म्हणजे त्याआधीच्या आठवड्यात सगळा देश घरात बसला होता. साहेब शुक्रवारी संध्याकाळी टर्मिनल चालू ठेवून घरी गेले, सोमवारी येऊ म्हणून, आणि तो सोमवार आलाच नाही. दोन महिन्यांनी रामटेके आले तर टर्मिनल तसंच चालू. त्यांनी खुर्ची चार बोटं वर केली आणि त्याच नावावर काम सुरू केलं. पाच वर्षं. पासवर्ड मागायला फोन करावा असं अनेकदा मनात आलं, पण कशाला म्हाताऱ्या माणसाला त्रास, असं म्हणून ते टाळत राहिले. खरं कारण लाज हे होतं. विभागप्रमुख झालेल्या माणसानं कुठल्या तोंडानं सांगायचं, की साहेब, मी अजून तुमच्याच नावानं जगतो?

आता सांगावं लागणार होतं. महिना संपायला नऊ दिवस उरले होते. संत्रा बर्फीचा डबा घेऊन रामटेके साहेबांच्या गावच्या, मौद्याच्या बसमध्ये बसले.

महादेवराव ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांनी चहा पाजला, दीप्तीची चौकशी केली, मौद्यातल्या वीज केंद्राच्या धुराबद्दल बोलले, गुडघ्यांबद्दल बोलले. रामटेक्यांनी तिसऱ्या कपाला धीर केला.

"साहेब, तो पासवर्ड..."

महादेवराव उठले, आत गेले आणि एक फाईल घेऊन आले. त्यात एक टाईप केलेला कागद होता, दोन प्रतींत. 'कार्यभार हस्तांतरण अहवाल.' देणार: म. गो. लांजेवार. घेणार: प्री. दा. रामटेके. तारीख ३१ मार्च २०२०. दोन्ही सह्यांच्या जागा रिकाम्या.

"प्रीतम, चार्ज झाला नाही नं अजून," ते शांतपणे म्हणाले. "चार्ज दिल्याबिगर पासवर्ड कसा देऊ गा? तो कंपनीचा आहे, माह्या घरचा थोडी आहे."

"मग आत्ता सही करू साहेब."

"इथं? ओसरीवर?" महादेवरावांनी फाईल मिटली. "चार्ज ऑफिसात देत असतात."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, रामटेक्यांना भांडता आलं असतं. ते निघाले तेव्हा साहेबांच्या पत्नी सुभद्राबाई दारापर्यंत आल्या.

"भाऊ, राग नका मानू. त्याइचा निरोप नाही झाला. एवढी वर्षं नोकरी केली, ना हार, ना शाल, ना कोनाचा फोन. फंडाचे कागद पोस्टानं आले, बस. निरोपासाठी नवा शर्ट शिवला होता. तो घडीतच आहे अजून. मी दिवाळीले म्हणते, घाला. तर म्हणतात, तो त्यासाठी नाही."

रामटेक्यांना बसमध्ये बसायला जागा मिळाली, तरी ते नागपूरपर्यंत उभेच आले. ना कोनाचा फोन, असं बाई म्हणाल्या होत्या. त्या कोनात पहिलं नाव त्यांचंच होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कामिनीताईंकडे अर्ज दिला: श्री. लांजेवार यांचा निरोप समारंभ करण्याबाबत. ऑफिसचे समारंभही त्याच पाहतात. त्यांनी नियम काढला. निरोप हा चालू वर्षात रिटायर होणाऱ्यालाच देता येतो.

"ताई, त्या वर्षी ऑफिस बंद होतं."

"मले माहीत आहे. मी काय नाही म्हणून राहिली का? पण कोन्या नावाखाली टाकू? स्वागत म्हणू?"

"उशिरा म्हणा."

कामिनीताईंनी बराच विचार करून लिहिलं, 'प्रलंबित निरोप', आणि त्याला क्रमांक दिला. मॅडमकडे फाईल गेली. मॅडमनी रामटेक्यांना बोलावलं आणि डोक्याला हात लावला.

"म्हणजे ई-मेलला अटॅचमेंट जोडायला मला एक फेअरवेल करावा लागेल?"

"हो मॅडम."

"असं कुठं असतं, रामटेके जी?"

"आपल्याकडं असतं," रामटेके म्हणाले. आणि मग त्यांनी पाच वर्षांचं सगळं सांगून टाकलं. नाव, टर्मिनल, खुर्ची, लाज. सांगून झाल्यावर त्यांना वाटलं, आता एक तारखेची वाट बघायला नको, आजच बुटीबोरी. पण मॅडमनी टेबलावरचं कॅलेंडर पुढं ओढलं आणि त्या म्हणाल्या, "तीस तारीख. दुपारी. आणि नारळ चांगला बघून आणा."

तीस तारखेला महादेवराव नवा शर्ट घालून आले. पाच वर्षांत माणूस आटला होता, शर्ट दोन बोटं सैल होत होता. सुभद्राबाई सोबत होत्या. हार झाला, शाल-श्रीफळ झालं, ज्यांनी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं अशा चार जणांनी त्यांच्या कडक शिस्तीच्या आठवणी सांगितल्या. मग साहेबांनी खिशातून भाषणाचा कागद काढला. कागद पाच वर्षांपूर्वीचा होता आणि त्यांनी त्यात काना-मात्रा बदलला नव्हता.

"सध्याच्या कठीण प्रसंगी आपण सर्वांनी एकमेकांपासून तीन फूट अंतर ठेवावे," त्यांनी वाचलं. "हात वारंवार धुवावे. माझ्यानंतर विभागाची जबाबदारी प्रीतमकडे जात आहे. तो माझ्यापेक्षा हुशार आहे, पण मी हे त्याला कधी बोललो नाही."

कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतल्या दोघांनी तर खरंच थोडं अंतर घेतलं. रामटेके छताच्या पंख्याकडे बघत राहिले.

चहा झाल्यावर सगळी वरात मशीनच्या खोलीत गेली. महादेवरावांनी नाव टाकलं, पासवर्ड टाकला. मशीन म्हणालं, चूक. पुन्हा टाकला. चूक. खोलीत सगळ्यांना माहीत होतं, तिसऱ्यांदा चुकलं की मशीन ते नाव कायमचं बंद करतं. मग ना मशीन, ना ई-मेल; एक तारखेला भंगारवाला.

"आठवते मले," महादेवराव म्हणाले. पण त्यांच्या कपाळावर घाम होता. "बोटाइले आठवत होतं. मले कधी आठवावं नाही लागलं."

रामटेक्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. मॅडमनासुद्धा. दार लावलं, साहेबांच्या खांद्यावरची शाल काढून घडी करून ठेवली. मग खाली वाकले आणि पाच वर्षांपूर्वी आपण वर केलेली खुर्ची त्यांनी चार बोटं खाली केली.

"आता बसा साहेब. घाई नाही."

महादेवराव बसले. कोपर टेबलाला लागलं. त्यांनी डोळे मिटले आणि बोटं आपली आपण चालली. हिरवा मेन्यू उमटला. साहेबांनी रुमालानं चष्मा पुसला, आणि रामटेक्यांनी उगीचच मागची वायर तपासली.

भावपत्रक गेलं. चारशे बारा डीलरांना, पीडीएफ जोडून, जावक क्रमांकासह. पाठवणारे: महादेवराव लांजेवार. तेच नाव चालू होतं, दुसरं कुठून आणणार? दहा मिनिटांत उत्तरं यायला लागली. रितिका मॅडम मोबाईलवर वाचू लागल्या. "लांजेवार साहेब, कुठं होते एवढे दिवस?" "साहेब, तब्येत कशी हाये?" "साहेब, तुम्ही गेले असं ऐकलं होतं, माफ करजा." संध्याकाळपर्यंत त्र्याण्णव उत्तरं आली, त्यात भावाबद्दल एक शब्द नव्हता.

"अटॅचमेंट कुणी उघडलं की नाही?" मॅडम विचारत होत्या. शेवटी जितेंद्रचा ई-मेल आला: पान तीनवर बॅटरी पंपाचा भाव मागच्या महिन्याचाच आहे, चूक दुरुस्त करा. मॅडम हसल्या. म्हणाल्या, "उघडलंय. मशीन राहू द्या."

रामटेक्यांनी मान डोलावली. त्यांना आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण महिनाभर मरमर कुणी केली आणि त्र्याण्णव लोकांनी तब्येत कुणाची विचारली, हेही त्यांच्या मनात होतं. माणूसच आहे. त्यांनी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही, पण महादेवरावांनी त्यांना बावीस वर्षं रोज पाहिलेलं होतं.

"प्रीतम, तो कागद आण."

दोघांनी सह्या केल्या. दोन्ही प्रतींवर. कामिनीताईंनी शिक्का मारला. महादेवरावांनी कागद स्कॅन करायला लावला, स्वतः टर्मिनलवर बसून ई-मेल पाठवणाऱ्यांच्या यादीत रामटेक्यांचं नाव घातलं आणि मग दोन बोटांनी हळूहळू टाईप केलं: 'सर्व डीलर बंधूंस कळविण्यात येते की आजपासून सर्व पत्रव्यवहार श्री. प्रीतम रामटेके, विभागप्रमुख, यांच्या नावे करावा. ते पाच वर्षांपासून काम पाहतच आहेत. सोबत कार्यभार अहवाल जोडला आहे.' चारशे बारा जणांना.

ते वाचून रामटेके जे बाहेर गेले, ते जिन्यात उभे राहिले. खालच्या दुकानात कुणीतरी गिऱ्हाइकापुढं साड्या उलगडत होतं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि वर आले.

टर्मिनलवर आता त्यांचं स्वतःचं नाव होतं, आणि त्या नावावर पहिलाच ई-मेल येऊन पडलेला होता, पवनीच्या एका डीलरचा. रामटेक्यांनी चष्मा लावला.

"मा. रामटेके साहेब, सप्रेम नमस्कार. लांजेवार साहेबांची तब्येत कशी हाये?"

रामटेक्यांनी एकदा साहेबांकडे पाहिलं. ते सुभद्राबाईंना मशीन दाखवत होते, हे इथून सुरू होते, हे इथून छापते. दुपारचा फोटो कामिनीताईंच्या मोबाईलमध्ये होता. हार घातलेले महादेवराव, सैल शर्ट, आणि सगळे जण तीन तीन फुटांवर. तो मशीनमध्ये घ्यायला आणि ई-मेलला जोडायला रामटेक्यांना पाऊण तास लागला. मग त्यांनी लिहिलं: "छान आहे. सोबत फोटो जोडला आहे."

आणि पाठवण्याआधी त्यांनी तो खरंच जोडला गेलाय का, हे दोनदा पाहून घेतलं.